सावध राहा, एकटे पडू नका

वैयक्तिक सुरक्षितता म्हटली की कुलूप, कॅमेरा आणि पहारेकरी या तीन गोष्टी चटकन डोळ्यांसमोर येतात. या साधनांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु रस्त्यात, बँकेच्या पायऱ्यांवर किंवा घराच्या फाटकापाशी एखादा अनोळखी माणूस अचानक समोर उभा ठाकतो, तेव्हा यांपैकी एखादे साधन हाताशी असेलच असे नाही. त्या वेळी उपयोगी पडते ते सावधपण. समर्थ रामदासांनी दासबोधात हरिकथा आणि राजकारण यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान सावधपणाला दिले आणि ते सर्व विषयांत असावे, असे सांगितले. पैशाच्या व्यवहारात तर त्यावाचून गत्यंतरच नाही.

सुरक्षिततेविषयीच्या बहुतेक सूचना ‘असे घडू नये म्हणून’ दिलेल्या असतात. पण प्रसंग घडून गेला, समोरचा माणूस निघून गेला, हातपाय थरथरत आहेत, अशा वेळी पुढच्या तासाभरात काय करावे, याची माहिती फारच थोड्यांना असते. प्रस्तुत लेखात बंगळुरू शहरात घडलेल्या दोन घटनांच्या आधारे प्रसंगापूर्वीच्या, प्रसंगातल्या आणि विशेषतः प्रसंगानंतरच्या सावधपणाचा विचार केला आहे.

जयनगरमधील भरदुपारची घटना

जयनगर ही बंगळुरूच्या दक्षिण भागातील जुनी आणि नियोजनबद्ध वसाहत. तिची पायाभरणी १९४८ साली झाली. ब्लॉक, मेन आणि क्रॉस अशी आखीव रचना, दुतर्फा झाडी, चौथ्या ब्लॉकमधील गजबजलेली बाजारपेठ आणि २०१७ पासून सुरू झालेले मेट्रोचे स्थानक यांमुळे हा भाग राहण्यास सुखाचा मानला जातो. निवृत्त मंडळींची संख्या येथे मोठी आहे. बँकांच्या शाखा आणि एटीएम केंद्रे थोड्याथोड्या अंतरावर आहेत.

अशा या वस्तीत, अशोक स्तंभाच्या परिसरात, १९ नोव्हेंबर २०२५ रोजी भरदुपारी एटीएममध्ये भरावयाची रोकड नेणारी एक गाडी अडवण्यात आली. पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार, अडवणाऱ्यांनी आपण रिझर्व्ह बँकेचे अधिकारी असल्याचे सांगितले. त्यांच्या मोटारीवर भारत सरकारचे नाव असलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. नियमभंग झाला आहे, कागदपत्रे तपासायची आहेत, जबाब नोंदवायचे आहेत, अशी कारणे त्यांनी पुढे केली. रोकड गाडीबरोबरच्या कर्मचाऱ्यांना त्यांनी आपल्या मोटारीत बसवून घेतले आणि रोकड गाडी डेअरी सर्कलच्या दिशेने न्यायला लावली. तेथील उड्डाणपुलापाशी रोकड दुसऱ्या वाहनात हलवून ते पसार झाले. रक्कम होती ७ कोटी ११ लाख रुपये.

पुढे पोलिसांनी काही दिवसांतच अनेकांना अटक केली आणि बहुतांश रक्कम हस्तगत केली. अटक झालेल्यांमध्ये एक पोलीस शिपाई, तसेच रोकड वाहतुकीच्या कामाशी आजी-माजी संबंध असलेल्या व्यक्ती होत्या. गुन्हा शाबीत करणे हे न्यायालयाचे काम आहे. सर्वसामान्य ग्राहकाने या घटनेतून घ्यावयाचा बोध मात्र स्पष्ट आहे. गाडीबरोबर सशस्त्र पहारेकरी होते. रस्ता वर्दळीचा होता. वेळ दुपारची होती. तरीही डाव साधला गेला, कारण सुरुवातीला बळाचा वापर झालाच नाही. वापर झाला तो अधिकाराच्या बतावणीचा.

बारा वर्षांपूर्वीची त्याच तारखेची घटना

योगायोगाने याच तारखेला, १९ नोव्हेंबर २०१३ रोजी, जयनगरपासून काही किलोमीटर अंतरावर कॉर्पोरेशन सर्कल येथे दुसरी एक घटना घडली होती. सकाळी सातच्या सुमारास एक महिला एटीएम केंद्रात पैसे काढण्यासाठी गेली. तिच्या पाठोपाठ एक अनोळखी इसम आत शिरला आणि त्याने आतून शटर खाली ओढले. पैसे देण्यास नकार मिळाल्यावर त्याने धारदार शस्त्राने तिच्यावर वार केले आणि जाताना शटर पुन्हा ओढून घेतले. शटरखालून बाहेर आलेले रक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या दृष्टीस पडेपर्यंत सुमारे तीन तास लोटले होते. सुदैवाने त्या महिलेचे प्राण वाचले आणि दीर्घ उपचारांनंतर ती पुन्हा कामावर रुजू झाली.

केंद्रातील कॅमेऱ्याने हा सारा प्रकार टिपला होता आणि ती दृश्ये देशभर दाखवली गेली. तरी संशयित सापडला तो फेब्रुवारी २०१७ मध्ये, आंध्र प्रदेशातील मदनपल्ली येथे. पुढे २०२१ साली न्यायालयाने त्याला दोषी ठरवून शिक्षा सुनावली. एटीएम केंद्रांवर पहारेकरी नेमण्याचा आग्रह पोलिसांनी या घटनेनंतर धरला आणि पहारेकरी नसलेली अनेक केंद्रे काही काळ बंद राहिली. कॅमेरा तपासाला मदत करतो. घडत असलेला प्रसंग तो थांबवू शकत नाही, हेही या घटनेने दाखवून दिले.

दोन्ही घटनांतील समान सूत्र

वरवर पाहता या दोन घटनांत साम्य नाही. एक अत्यंत क्रूर, दुसरी थंड डोक्याने आखलेली. एकीत शस्त्र प्रथम आले, दुसरीत सरकारी भाषा. परंतु दोन्ही ठिकाणी पहिली हालचाल एकच होती, आणि ती म्हणजे समोरच्याला एकटे पाडणे. २०१३ मध्ये हे काम शटरने केले. २०२५ मध्ये ते मोटारीच्या दाराने केले.

एकटे पाडण्याचे तीन प्रकार दिसतात. पहिला, जागेपासून तोडणे : ‘इथे नको, तिकडे चला’, ‘गाडीत बसा’, ‘जरा आडबाजूला या’. दुसरा, माणसांपासून तोडणे : सोबत्याला वेगळे करणे, फोन घेणे, ‘कोणाला सांगू नका’ अशी ताकीद देणे. तिसरा, विचारापासून तोडणे : घाई, धाक किंवा लालूच यांचा असा मारा करणे की क्षणभर थांबून विचार करण्यास उसंतच मिळू नये.

अलीकडे वाढलेल्या ‘डिजिटल अटके’च्या फसवणुकीतही हेच तीन प्रकार आढळतात. पोलीस किंवा तपास अधिकारी असल्याची बतावणी करणारा माणूस व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास खिळवून ठेवतो, खोलीचे दार लावायला सांगतो आणि घरच्यांना काही कळू देऊ नये म्हणून धमकावतो. भारतीय कायद्यात डिजिटल अटक असा प्रकारच अस्तित्वात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणात याच विषयाचा उल्लेख करून थांबा, विचार करा, मग कृती करा, असा सल्ला देशवासीयांना दिला होता.

यावरून एक साधा नियम सांगता येतो. जो अनोळखी माणूस जागा सोडायला, सोबत सोडायला किंवा गोष्ट लपवायला सांगतो, त्याचे कारण कितीही सयुक्तिक वाटले तरी तेथेच थांबावे आणि तिसऱ्या माणसाला त्यात आणावे.

परिस्थितीचे भान म्हणजे काय?

सावधपण म्हणजे सतत भीत राहणे नव्हे. मानवी घटकांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक मिका एंड्सली यांनी १९९५ साली परिस्थितीच्या भानाची तीन पायऱ्यांची मांडणी केली. भोवताली काय आहे ते टिपणे ही पहिली पायरी, त्याचा अर्थ लावणे ही दुसरी आणि आता पुढे काय घडू शकेल ते ताडणे ही तिसरी. ही मांडणी वैमानिकांच्या संदर्भात पुढे आली असली तरी रस्त्याने चालणाऱ्याला ती तितकीच लागू पडते.

समजा, एक निवृत्त गृहस्थ चौथ्या ब्लॉकमधील शाखेतून मोठी रक्कम काढून बाहेर पडत आहेत. शाखेत बराच वेळ कोणतेही काम न करता बसलेला तरुण आपल्या पाठोपाठ उठला, हे त्यांच्या लक्षात आले तर ती पहिली पायरी. त्याच्या हातात ना पासबुक, ना फॉर्म, म्हणजे तो कामासाठी आला नसावा, हा विचार दुसरी पायरी. आपण पुढच्या शांत क्रॉसवर वळलो तर तोही वळेल, हा अंदाज तिसरी पायरी. तीन पायऱ्या पूर्ण झाल्या की कृती आपोआप सुचते : मागे फिरून पुन्हा शाखेत जाणे आणि अधिकाऱ्याला सांगणे. अंदाज चुकला तर दहा मिनिटांचा वेळ जातो. त्याहून अधिक काही बिघडत नाही.

संरक्षणविषयक प्रशिक्षण देणारे जेफ कूपर यांनी १९७२ च्या सुमारास मनाच्या सज्जतेचे रंगांनुसार चार टप्पे सांगितले होते. पांढरा म्हणजे बेसावध, पिवळा म्हणजे निवांत पण जागरूक, नारिंगी म्हणजे विशिष्ट शंका आलेली आणि लाल म्हणजे कृतीची वेळ. घराबाहेर असताना माणसाने पिवळ्या टप्प्यात असावे, एवढेच अपेक्षित आहे. फोनमध्ये मान घालून किंवा दोन्ही कानांत इअरफोन घालून चालणारा माणूस पांढऱ्या टप्प्यात असतो आणि सावज हेरणाऱ्याला तो दुरूनच ओळखू येतो.

बँकेच्या कामासंबंधी काही सवयी या दृष्टीने लावून घेण्यासारख्या आहेत. नोटा काउंटरपाशीच मोजाव्यात, पायऱ्यांवर किंवा गाडीपाशी नव्हे. मोठी रक्कम काढायची असल्यास शक्यतो सोबत कोणी तरी असावे. दर महिन्याला ठरावीक तारखेस, ठरावीक वेळी आणि ठरावीक रस्त्याने जाणे टाळावे. एटीएम केंद्रात आधीच कोणी घुटमळत असेल तर आत जाऊ नये. आपण आत असताना कोणी शिरल्यास व्यवहार रद्द करून बाहेर पडावे. रस्त्यावर पडलेल्या नोटा दाखवणारा, कपड्यांवर घाण पडली आहे असे सांगणारा किंवा गाडीचे चाक पंक्चर झाल्याचे सुचवणारा माणूस लक्ष विचलित करण्याच्या जुन्या युक्त्या वापरत असण्याचा संभव असतो. अशा वेळी प्रथम पिशवी घट्ट धरावी आणि मग बोलणाऱ्याकडे पाहावे.

अधिकाराचा मुखवटा

मराठी माणसाला ‘तोतया’ हा शब्द नवा नाही. पानिपतच्या १७६१ च्या युद्धानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने वावरणाऱ्या तोतयाने पेशवाईत मोठी खळबळ माजवली होती आणि १७७६ मध्ये त्याचा शेवट झाला. वेश, नाव आणि आत्मविश्वास यांच्या जोरावर माणसे किती सहज भुलतात, याचे ते उदाहरण. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड बिकमन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हीच गोष्ट तपासली होती. रस्त्यावरील अनोळखी पादचाऱ्यांना किरकोळ आज्ञा देण्यात आल्या. साध्या वेशातील माणसापेक्षा पहारेकऱ्याच्या गणवेशातील माणसाचे लोकांनी अधिक ऐकले, वस्तुतः त्याला तसा कोणताही अधिकार नसताना. तेव्हा गणवेशापुढे मान तुकवणारा माणूस मूर्ख असतो असे समजण्याचे कारण नाही. ती स्वाभाविक प्रवृत्ती आहे आणि म्हणूनच तिच्यावर नियम करून मात करावी लागते.

तो नियम असा : ओळख दाखवणाऱ्याने दिलेल्या साधनांनी ओळख पडताळू नये. त्याने दाखवलेले कार्ड, त्याने दिलेला फोन क्रमांक, त्याने जोडून दिलेला ‘साहेबांचा’ फोन हे सारे त्याच्याच बाजूचे असते. पडताळणी आपल्याकडील स्वतंत्र मार्गाने करावी, म्हणजे ११२ वर फोन करून किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात, शाखेत स्वतः जाऊन. खरा अधिकारी यास हरकत घेत नाही. अटक करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने आपल्या नावाची स्पष्ट दिसणारी ओळख धारण केली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये सांगितले आहे. लोकसेवक असल्याची बतावणी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली शिक्षापात्र गुन्हा आहे. रिझर्व्ह बँक किंवा अन्य कोणतीही बँक रस्त्यात ग्राहकाला गाठून रोकड, दागिने किंवा कार्ड ‘तपासणीसाठी’ ताब्यात घेत नाही, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. ‘पुढे चोरी झाली आहे, दागिने काढून रुमालात बांधा’ असे सांगणारे तोतया पोलीस आजही ज्येष्ठ महिलांना फसवतात.

प्रत्यक्ष गाठ पडल्यास

शस्त्र समोर आले तर पैसा, दागिना किंवा फोन देऊन टाकावा. वस्तू पुन्हा मिळू शकते. कायद्याने स्वसंरक्षणाचा अधिकार दिलेला आहे, पण तो आवश्यक तेवढ्याच बळापुरता आहे आणि तो बजावण्यापूर्वी निसटता येत असेल तर निसटणेच शहाणपणाचे ठरते. शक्य असल्यास वस्तू देताना ती थोडी दूर टाकावी आणि विरुद्ध दिशेने, माणसे असतील तिकडे पळावे. मात्र ‘गाडीत बस’ किंवा ‘आत चल’ अशी मागणी असेल तर परिस्थिती वेगळी आहे. तेथे आरडाओरडा करणे आणि जागा न सोडण्याचा प्रयत्न करणे बहुधा हिताचे असते, कारण पुढची जागा त्या माणसाने निवडलेली असते.

मदत मागण्याचीही एक पद्धत आहे. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांच्या १९६८ मधील संशोधनातून असे दिसले की, आजूबाजूला जितकी अधिक माणसे आहेत असे वाटते, तितकी एकेकाची पुढे येण्याची शक्यता कमी होते. प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी तरी जाईल. म्हणून गर्दीला उद्देशून ओरडण्यापेक्षा एकाला हेरून हाक मारावी : ‘निळा शर्टवाले काका, ११२ ला फोन लावा.’ जयनगरसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ‘सहाय माडि’ म्हणजे ‘मदत करा’ आणि ‘कळ्ळ, कळ्ळ’ म्हणजे ‘चोर, चोर’ एवढे कन्नड शब्द तरी लहानथोरांना शिकवून ठेवावेत. संकटात हाक स्थानिक भाषेत गेली तर ती लवकर कळते.

प्रत्येक गाठ चोराशीच पडते असे नाही. वाहनाला वाहन घासले, पार्किंगवरून शब्दाला शब्द वाढला, असे प्रसंग मोठ्या शहरांत नित्याचे झाले आहेत. अशा वेळी गाडीची काच वर ठेवावी, खाली उतरू नये, प्रतिशब्द टाळावा. आपले बरोबर असले तरी रस्ता हे न्याय मागण्याचे ठिकाण नव्हे. दुसरा माणूस पाठलाग करू लागला तर घराकडे अजिबात वळू नये. पोलीस ठाणे, पेट्रोल पंप किंवा रुग्णालयासारखी सतत जागी असलेली जागा गाठावी.

प्रसंगानंतरचा पहिला तास

समोरचा माणूस निघून गेला म्हणजे प्रसंग संपला, असे वाटते. वास्तविक सर्वाधिक चुका याच वेळी होतात. शरीरात भीतीचा जोर ओसरत असतो, लाज वाटत असते आणि एकदाचे घरी पोहोचावे असे वाटते. त्यासाठी पुढील क्रम लक्षात ठेवावा.

१. प्रथम माणसांत जावे. जवळचे दुकान, औषधालय, मेट्रो स्थानक किंवा बँकेची शाखा गाठावी. थेट घरी जाऊ नये. पाठलाग होत असल्यास घराचा पत्ता उघड होतो.

२. शरीर तपासावे. भीतीच्या भरात जखमेची वेदना लगेच जाणवत नाही. डोक्याला मार लागला असेल तर तो किरकोळ वाटला तरी डॉक्टरांना दाखवावे.

३. ११२ ला फोन करावा. पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन या तिन्हींसाठी हा एकच क्रमांक चालतो. ठिकाण सांगताना नुसते ‘अमुक क्रॉस’ म्हणून भागत नाही. आधी ब्लॉक, मग मेन, मग क्रॉस आणि जवळची ठळक खूण सांगावी.

४. बँकेला कळवावे. पर्स किंवा फोन गेला असेल तर कार्ड, मोबाइल बँकिंग आणि यूपीआय तत्काळ बंद करवावे, सिम कार्डही थांबवावे. खात्यातून पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत ग्राहकाच्या दायित्वाच्या मर्यादा घालून दिल्या. बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे, हे तत्त्व त्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा कळवण्याची वेळ आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा.

५. आठवते ते लिहून काढावे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिले की, शस्त्र समोर असताना साक्षीदाराची नजर शस्त्रावर खिळते आणि चेहऱ्याचे तपशील नीट लक्षात राहत नाहीत. म्हणून उंची, चाल, बोलण्याची भाषा, पादत्राणे, वाहनाचा रंग, क्रमांकाचे दोन आकडे, जे काही आठवेल ते इतरांशी चर्चा करण्यापूर्वीच कागदावर उतरवावे. चार जणांशी बोलल्यावर त्यांच्या आठवणी आपल्या आठवणींत मिसळतात. जे आठवत नाही ते अंदाजाने भरू नये.

६. पुरावा जपावा. फाटलेले कपडे धुऊ नयेत, आलेले संदेश पुसू नयेत. आजूबाजूच्या दुकानांतील कॅमेऱ्यांची दृश्ये काही दिवसांनी आपोआप पुसली जातात, ती राखून ठेवण्याची विनंती त्याच दिवशी करावी.

७. फिर्याद नोंदवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती दिल्यास तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. फिर्यादीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. हिसकावून नेण्याचा प्रकार आता न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, त्यामुळे ‘नुसती साखळीच गेली’ म्हणून तक्रार टाळू नये.

पुढचे काही दिवस

पर्सबरोबर घराच्या किल्ल्या आणि पत्ता असलेले ओळखपत्र गेले असेल तर त्याच दिवशी कुलूप बदलावे. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ सेवेवर हरवलेला फोन बंद करवता येतो. काही दिवस बाहेर पडण्याच्या वेळा आणि रस्ते बदलावेत, शेजाऱ्यांना आणि सोसायटीच्या पहारेकऱ्याला कल्पना द्यावी. तोच माणूस पुन्हा दिसला तर स्वतः जाब विचारू नये. तारीख, वेळ आणि ठिकाण यांची नोंद करून पोलिसांना कळवावे. त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोहही आवरावा. ओळख चुकली तर निरपराध माणसाला त्रास होतो, आणि बरोबर असली तर तो सावध होतो.

‘आपली माहिती कोणाकोणाला होती?’ हा प्रश्न या काळात शांतपणे विचारावा. जयनगरच्या घटनेत अटक झालेल्यांचे रोकड वाहतुकीशी असलेले संबंध पाहता, अनोळखी माणसाच्या हाती ओळखीच्या वर्तुळातील माहिती पोहोचू शकते, ही शक्यता ध्यानात येते. याचा अर्थ प्रत्येकावर संशय घ्यावा असा नव्हे. पैसे कधी काढणार, घर कधी बंद राहणार, या गोष्टी गरजेपलीकडे बोलू नयेत, एवढाच आहे.

मनावरील परिणामाकडेही दुर्लक्ष होता कामा नये. झोप न लागणे, दचकणे, त्या रस्त्याने जाण्याची भीती वाटणे हे काही दिवस स्वाभाविक आहे. महिनाभराने ते कमी झाले नाही तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे आणि तिच्या कामात बंगळुरूच्याच निमहान्स संस्थेचा मोठा वाटा आहे.

येथे घरच्या मंडळींची जबाबदारी मोठी आहे. ‘एवढे कसे कळले नाही?’, ‘एकटी गेलीसच कशाला?’, ‘आता बाबांच्या हाती कार्ड द्यायला नको’, असे उद्गार सहज निघून जातात. त्यांचा परिणाम असा होतो की, पुढच्या वेळी ती व्यक्ती काहीच सांगत नाही. गुन्हेगाराने तिला काही मिनिटे एकटे पाडले होते. घरच्यांच्या बोलण्याने ती महिनोन्‌महिने एकटी पडते. ज्येष्ठ नागरिकांची लाखोंची फसवणूक अनेक दिवस चालू राहते, ती बरेचदा मुलांना काय वाटेल या संकोचामुळेच. ‘बरे झाले सांगितलेस’ हे पहिले वाक्य असावे. चौकशी नंतर करता येते.

घरच्या घरी सराव

आगीच्या प्रसंगाचा जसा सराव केला जातो, तसाच याही बाबतीत करता येईल. एखाद्या रविवारी कुटुंबाने एकत्र बसून पुढील पाच गोष्टी कराव्यात.

पहिली, बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक, ११२, १९३० आणि घरातील दोघांचे फोन क्रमांक एका कागदावर लिहून तो फोनजवळ लावावा आणि एक प्रत फोनपासून वेगळी, खिशात ठेवावी. फोन गेला तर त्यातील क्रमांकही जातात. दुसरी, घरातील प्रत्येकाच्या मोबाइलवर आणीबाणीचे बटण कसे चालते ते पाहून ठेवावे. बहुतेक स्मार्टफोनवर पॉवरचे बटण लागोपाठ तीन किंवा पाच वेळा दाबावे लागते. तिसरी, कुटुंबापुरता एक सांकेतिक शब्द ठरवावा. फोनवर तो उच्चारला की समोरच्याने समजावे, मदत हवी आहे. चौथी, रोजच्या रस्त्यावरील उशिरापर्यंत उघडी असणारी तीन ठिकाणे प्रत्येकाने सांगावीत. पाचवी, एकाने तोतया अधिकारी व्हावे आणि दुसऱ्याने ‘मी आधी ठाण्यात विचारून घेतो’ हे वाक्य शांतपणे म्हणून दाखवावे. हसत-खेळत म्हटलेले हे वाक्य प्रसंगी तोंडातून सहज निघते.

जयनगरचे रस्ते आजही सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी फुललेले असतात, आणि ते तसेच फुललेले राहावेत. अनोळखी माणसांपैकी बहुसंख्य निरुपद्रवीच असतात, आणि संकटात धावून येतो तोही बहुधा अनोळखीच असतो. तेव्हा माणसांपासून दूर पळणे हा उपाय नव्हे. जो माणूस इतरांपासून तोडू पाहतो त्याला ओळखणे, प्रसंग घडलाच तर तत्काळ माणसांत परतणे आणि घडलेले निःसंकोचपणे सांगणे, हीच या पाठाची तीन सूत्रे आहेत. प्रत्येक ग्राहकाने ती आपल्या घरातील ज्येष्ठांपर्यंत आणि मुलांपर्यंत या आठवड्यातच पोहोचवावीत.